हात कुठे ठेवायचे

उंचीची भीती नाही मला.
ठेंगण्या सिंगापुरींचं सोडा,
बाणवली माड, साठ फुटांचे,
दिवसाला पंचवीस.
पायांत दोराचं कडं, कमरेला कोयता
आणि छाती खोडाला.
वर गेलं की भोगव्याची पुळण दिसते,
त्यापलीकडे निवतीचा दिवा,
आणि कुणाच्या मागीलदारी काय वाळत घातलंय तेही.

पण चिपीच्या सड्यावरून विमान उठलं
की होते तिथेच खोडाला चिकटायचे,
डोळे मिटून, आवाज विरेपर्यंत.
खालून बायका हसायच्या:
"सुरंगे, तू माडार चडतंस, आणि आवाजाक भितंस?"
आवाजाला नव्हे गे.
त्या पत्र्याला खोड नाही,
याला.

मग पत्र आलं. बंगळुरूला शेतीचं प्रदर्शन,
तिथल्या बायकांना चढायला शिकवायचं,
तिकीट त्यांचं.
आठ रात्री कौलं मोजत काढल्या.
रेल्वेने जाते म्हटलं, तर तारीख चुकत होती;
ताप आलाय म्हणावं,
तर थर्मामीटर भावजयीच्या हातात.
दाजीने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं:
"बा देवा म्हाराजा, जशी वर नेतंस
तशीच खाली हाड."
व्हय म्हाराजा, मी म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने.

सड्यावर, जिथे लहानपणी
गुरं शोधत अनवाणी हिंडले,
आता गुळगुळीत लादी.
जांभ्याचा एक खडा नाही टोचायला.
गणवेशातल्या बाईने पिशवी उघडली,
कोयता वर काढला, माझ्याकडे बघितलं.
"धंद्याचा आहे," मी म्हटलं.
तिने हसू दाबलं,
पण कोयता बाहेर दाजीकडे परत गेला.
कमरेला हात गेला की तिथे नुसती साडी.

बसले. पट्टा लावला.
आणि कळेना हात कुठे ठेवायचे.
सगळी गोष्ट एवढीच होती.
पाय टेकलेले, पाठ टेकलेली,
हातांना मात्र धरायला काही नाही;
मांडीवर ठेवले तर परक्याचे वाटतात.

ते धावलं. पोटातलं काहीतरी सड्यावरच राहिलं.
ढगात शिरताच हललं,
एकदा, मग पुन्हा.
शेजाऱ्याचं पाणी विजारीवर सांडलं.

हे हलणं मला माहीत होतं.
वैशाखातल्या खाऱ्या वाऱ्यात
शेंडा असाच हलतो.
मला शिकवणारा पांडगो खालून ओरडायचा:
"ताठ रवा नको! माड हललो की तूय हल!
ताठ रवता ताच मोडता."
मी खांदे सोडले.
जबडा सोडला.
हलले.

ढग फाटला होता तिथून खाली पाहिलं.
कर्लीची खाडी, समुद्राला मिळता मिळता अंग चोरणारी,
आणि माड.
इतकी वर्षं मी त्यांना बगलेतून पाहिलं,
डोक्यावरून कधीच नाही.
कुणी खराटे उभे करून ठेवल्यासारखे,
ओळीने. मी मोजायला लागले.
ते साळगावकरांचं परडं असावं,
चाळीस माड,
दोन वेळच्या पाडपाचे पैसे अजून यायचेत.

उतरताना भ्याले. ते सांगायला हवं.
चाकं आपटली तेव्हा तोंडातून
निघालंच, "व्हय म्हाराजा!"
दोन ओळी पुढचं एक पोर अजून हसत असेल.

काल पुन्हा साळगावकरांकडे.
(पैसे मिळाले. अर्धे.)
अकराव्या माडावर होते, तो आवाज आला.
खोडाभोवतीचा हात काही सोडला नाही.
पण मान वर केली.
पांढरं पोट, दोन पंख, गेलं.
त्यात कुणीतरी बसलं असेल
हात कुठे ठेवावेत न कळून.

मग खाली ओरडले, "सरका गे!"
आणि कोयता घातला.